पावसाला अटकाव, घामाला वाट : प्रस्तावना

पावसाळ्यात सायकलवरून कामाला जाणारा माणूस दोन बाजूंनी भिजतो. बाहेरून पाऊस भिजवतो, आतून घाम. बाजारातला जवळजवळ प्रत्येक रेनकोट पहिल्या भिजण्याचा विचार करून शिवलेला असतो. दुसऱ्याचाही विचार केलेले जॅकेट महाग असते, आणि ते ज्या हवेसाठी घडवलेले असते ती हवा आपल्याकडची नसते. म्हणून गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडचा सायकलस्वार रेनकोट अंगात असूनही कामाच्या जागी ओलाचिंब पोचतो आणि रेनकोट गळतो अशी तक्रार करतो. पुष्कळदा रेनकोट धड असतो, शर्ट भिजलेला असतो तो घामाने. आपल्या हवेत जॅकेट निवडताना घाम बाहेर कसा पडतो हे आधी पाहावे आणि पाणी किती अडते हे नंतर, एवढे एकच सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. पुढची सगळी माहिती त्याच सूत्राला धरून येते.

उदाहरणादाखल इब्रामपूर घ्या. ते पेडणे तालुक्याच्या पूर्वेकडचे सीमेवरचे गाव. पलीकडे सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका लागतो. तिळारी नदीचे पाणी साळ गावाच्या बाजूने खाली येते आणि पुढे शापोरा नदी होऊन समुद्राला मिळते. त्या खोऱ्यात शेते आणि कुळागरे, त्यांच्यावर डोंगरउतार, आणि पश्चिमेला मोपाचा उघडा जांभ्याचा सडा. इथून हणखणे, चांदेल, पेडणे किंवा मोपाकडे जाणाऱ्याला एकाच फेरीत तीन प्रकारची हवा भेटते. नदीकाठी दमट आणि कोंदट, चढणीवर अंगातून धारा काढणारी, आणि सड्यावर पोचताच भिजलेल्या पाठीवरून सरसरत जाणारा वारा. 5 जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. तेव्हापासून अवेळी कामावर जाणारी-येणारी माणसेही या रस्त्यांवर वाढली. त्यांतले बहुतेक दुचाकीवर असतात, सायकलवरचे थोडे. पण जे आहेत ते बारा महिने आहेत. पहाटे पाव घेऊन निघणारा पोदेर, बांधकामावर जाणारे मजूर, कारखान्याच्या पाळीला जाणारे कामगार, शाळेची मुले, आणि इंधनाचा खर्च किंवा तब्येत या कारणाने पुन्हा सायकलकडे वळलेले शिक्षक आणि कारकून. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी किंवा सुटीच्या दिवशी फेरफटका मारणाऱ्यांसाठी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. ज्याला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, लोकांसमोर बसण्याजोग्या कपड्यांत पोचायचे आहे, त्याची अडचण निराळी असते.

आधी आपल्या हवेचे वर्ष नीट पाहू. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 120 इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण हे चार महिने सारखे नसतात. मृगाचा पाऊस गडगडाट करत येतो आणि मधेच उघडीप देतो. त्या उघडिपीत ऊन असे कडक पडते की अंगातला रेनकोट नकोसा होतो. आर्द्रा-पुनर्वसूत संततधार लागते. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे दोन्ही पाऊस सायकलस्वाराची खरी परीक्षा घेतात, कारण जुलैत दोन सरींच्या मध्ये कपडा वाळायला वेळच मिळत नाही. मघांनंतर ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो. हस्तात आणि चित्रात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह कोसळतो, म्हणजे सकाळी कोरडे गेलेले लोक संध्याकाळी भिजत येतात. मग नोव्हेंबरपासून खोऱ्यात दंव पडू लागते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके असते, आणि मार्चपासून पुन्हा घामाचे दिवस. हे चक्रही आता घड्याळासारखे फिरत नाही. मे 2021 च्या मध्याला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि भर उन्हाळ्यात गोव्याला झोडपून काढले. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी गोवा-कोकणात पोचला. रेनकोट माळ्यावरून काढायला मृगाची वाट पाहावी, असे आता म्हणता येत नाही.

या हवेसाठी आपल्या पूर्वजांनी काय वापरले, याकडे मी मुद्दाम वळतो, कारण त्यात उत्तराचा अर्धा भाग आहे. लावणीच्या दिवसांत कोकण-गोव्याच्या शेतांत दिसणारे इरले आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर. ते डोक्यावरून पाठीवर उतरते आणि कमरेशी संपते. पुढची बाजू मोकळी, खालची बाजू मोकळी, दोन्ही हात मोकळे. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या पाठीवरच पाऊस पडतो, हे इरले घडवणाऱ्याला पक्के ठाऊक होते. शिवाय पानांचा थर कातडीला चिकटत नाही. पाठ आणि इरले यांच्यामध्ये बोटभर का होईना हवा खेळत राहते. सायकल चालवणारा माणूसही पुढे झुकलेला असतो. त्याच्याही पाठीवर, खांद्यांवर आणि मांड्यांवर पाऊस पडतो. पोट आणि काखा बऱ्याचशा आडोशाला राहतात. वरून बंद आणि खालून उघडे ही इरल्याची घडण आजच्या कापडात उतरवणे, हेच आपल्याकडच्या चांगल्या सायकल-जॅकेटचे काम आहे.

बाहेरच्या जगाने मात्र वेगळी वाट धरली. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 साली दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड तयार करण्याचे पेटंट घेतले. रबरी रेनकोट तिथून जगभर गेला. आपल्याकडे तो घरोघर पोचवला तो कोलकात्याच्या बेंगॉल वॉटरप्रूफने. सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या या कारखान्याचा ‘डकबॅक’ रेनकोट महाराष्ट्र-गोव्यातल्या कैक पिढ्यांनी शाळेत जाताना घातला आहे. तो टिकाऊ होता, पाण्याला पक्का होता आणि आतून तितकाच कोंडणारा होता. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी पीटीएफई हे प्लॅस्टिक झटक्यात ताणून त्याचा असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, पण वाफ बाहेर जाऊ शकते. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून ‘गोअर-टेक्स’ या नावाने हे कापड बाजारात आले, त्यामागून इतर कंपन्यांचे तसेच पडदे आले, आणि ‘पाणी अडवते, घाम सोडते’ हे वाक्य प्रत्येक महाग जॅकेटच्या चिठ्ठीवर छापले जाऊ लागले.

ते वाक्य खोटे नाही. मात्र ते खरे ठरण्यासाठी एक अट आहे, आणि ती अट चिठ्ठीवर नसते. वाफ पडद्यातून बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल तरच वाफेला बाहेर ओढ लागते. कातडीलगतची घामट हवा 35 अंशांची आणि पूर्ण भरलेली धरली, तर तिचा बाष्पदाब सुमारे 5.6 किलोपास्कल येतो. थंड देशात बाहेर 10 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर बाहेरचा दाब 1 किलोपास्कलच्या आसपास. फरक साडेचारहून अधिक. आता जुलैतली इब्रामपूरची सकाळ घ्या. 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता धरली तर बाहेरचा दाब 3.2 किलोपास्कल, फरक जेमतेम 2.4. म्हणजे तेच जॅकेट, तोच माणूस, तोच वेग, पण वाफेला बाहेर काढणारी ओढ निम्म्यावर आली. त्यात बाहेरचे कापड पाणी पिऊन ओले झाले की वाट आणखी बंद होते. जॅकेट नादुरुस्त नसते. ते दुसऱ्या हवेसाठी बनलेले असते, एवढेच.

दुसरा हिशेब घामाचा. चढ-उताराच्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने सायकल चालवणारा माणूस पेडलवर 100 वॅटच्या आसपास शक्ती लावतो. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन अंगात राहते, म्हणजे तीन-चारशे वॅट. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2,400 जूल उष्णता घेऊन जातो. ही सगळी उष्णता घामानेच काढायची ठरवली तर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास घाम वाळावा लागतो. ‘10,000 ग्रॅम’ असे लिहिलेले जॅकेट एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत दहा हजार ग्रॅम वाफ सोडते, म्हणजे तासाला साधारण चारशे ग्रॅम. तेही प्रयोगशाळेत. आपल्याकडच्या ओल्या हवेत त्यातले बरेच कमी होते. जे बाहेर जात नाही ते आत ठिबकते. तेव्हा आपल्या पावसात केवळ कापडाच्या भरवशावर कोरडे राहता येत नाही. वाऱ्याला जॅकेटमधून खेळवावे लागते, आणि त्यासाठी जॅकेटला उघडी तोंडे लागतात.

चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचायचे, याला या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण दिले आहे. इथे थोडक्यात सांगतो. ‘मिलिमीटर’मधला आकडा म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी झिरपू लागते ते माप. रोजच्या सायकलीसाठी 5,000 ते 10,000 पुरेसे असते. त्यापुढचे पैसे बहुधा आपल्या कामाला येत नाहीत. ‘ग्रॅम’चा आकडा वाफेचा, पण तो मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीशी ताडून पाहता येत नाही. ‘रेट’ असे लिहिलेले माप असेल तर ते वाफेला होणारा विरोध दाखवते, म्हणून जितके कमी तितके चांगले. ही चाचणी ठरलेल्या नियमाप्रमाणे 35 अंशांच्या आणि 40 टक्के आर्द्रतेच्या हवेत होते. चाळीस टक्के आर्द्रता आपल्याकडे पावसाळ्यात कुठे सापडणार? म्हणून आकड्यांवरून दोन जॅकेटांतला फरक समजून घ्यावा, आपल्या पाठीवर काय होईल याची हमी मात्र त्यांच्याकडून घेऊ नये.

दुकानात जॅकेट हातात घेतले की आधी ते उलटे करावे. शिवणीची प्रत्येक रेघ आतून अर्ध्या बोटाच्या पारदर्शक किंवा करड्या पट्टीने बंद केलेली आहे का ते पाहावे. नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार. खांद्यांवर शिवण असू नये, असलीच तर तिला पट्टी हवी, कारण बॅगेचा पट्टा तिथेच घासतो. मग काखेत हात घालून पाहावा. तिथे चेन आहे का, आणि सायकलवर बसल्याबसल्या ती एका हाताने उघडता येते का? पाठीवर वरच्या पट्ट्याखाली दडलेली जाळी आहे का? पुढची चेन खालूनही उघडते का? म्हणजे गळा बंद ठेवून पोट मोकळे सोडता येईल. आतले अस्तर जाळीचे असावे, गुळगुळीत प्लॅस्टिक थेट हाताला चिकटू नये. शेवटी दुकानातच दोन्ही हात हँडलवर असल्यासारखे पुढे करून कमरेत वाकावे. पाठीचा खालचा काठ कमरेच्या वर सरकला किंवा मनगट उघडे पडले, तर ते जॅकेट चालायला ठीक, सायकलला नाही. ही तपासणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या साध्या रेनकोटालाही लागू होते आणि मोठ्या दुकानातल्या महाग जॅकेटालाही. काखेत चेन नसलेला साधा रेनकोट गावच्या शिंप्याकडून सुधारून घेता येतो. काखेखाली बाजूच्या शिवणीत चार बोटांची फट ठेवून तिला आतून जाळी आणि वरून पदर लावला, की स्वस्तातला रेनकोट पुष्कळ सुसह्य होतो. त्याची आकृती आत दिली आहे.

डोक्याच्या टोपीबद्दल माझे मत ठाम आहे. मोठी हुड डोके झाकते पण मान वळवली की हुड तशीच राहते आणि मागून येणारा टेम्पो दिसत नाही. हुड काढता येणारी असावी, किंवा ती हेल्मेटच्या आत बसेल इतकी पातळ असावी. तिच्याऐवजी हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली पातळ कापडी टोपी घातली तर डोळ्यांवरचे पाणी थांबते आणि कान उघडे राहतात. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यांवर सायकलस्वाराचे कान हे त्याचे निम्मे डोळे असतात.

बारा महिने सायकल चालवणाऱ्यांत आमच्या भागात पोदेराचा मान पहिला. आता पुष्कळ पोदेर मोटारसायकलवर आले, तरी रबरी भोंगा वाजवत सायकल हाकणारे अजून आहेत. पावसात त्यांच्याकडे नीट पाहिले तर शिकण्याजोगे खूप असते. मागच्या टोपलीवर प्लॅस्टिक चहूबाजूंनी घट्ट बांधलेले असते, कारण पावाला दमटपणा चालत नाही. स्वतःच्या रेनकोटाची मात्र पुढची बटणे त्यांनी बहुधा सोडलेली असतात, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असतात आणि खालचा घेर चाकात जाऊ नये म्हणून बाजूला गाठ मारून घेतलेला असतो. माल बंद आणि माणूस मोकळा, असा हा पक्का हिशेब आहे. आपली वही, जेवणाचा डबा, फोन आणि बदलायचे कपडे पाण्याला पक्क्या पिशवीत, आणि अंगावरचे जॅकेट शक्य तितके उघडे, हे सूत्र रोज उन्हापावसात वावरणाऱ्यांनी अनुभवाने सिद्ध केले आहे.

त्या गाठीवरून घेरदार रेनकोटांचा मुद्दा निघतो. डोक्यातून घालायचा, हँडलपर्यंत पसरणारा आणि खालून उघडा असा केप इरल्याचा सगळ्यात जवळचा वारस आहे. मंद गतीने, सपाट रस्त्याने, शाळेत किंवा बाजारात जाणाऱ्यासाठी त्याच्याइतके हवेशीर काही नाही. पण मोपाच्या सड्यावर आडवा वारा लागला की तोच केप शिडासारखा फुगतो. त्याच्या पदराला अंगठ्यात अडकवायच्या दोऱ्या आणि कमरेला आतून बांधायचा पट्टा नसेल तर तो घेऊ नये. मागचा पदर चाकाच्या आऱ्यांत गेला तर माणूस सायकलसकट आपटतो. पुढचा दिवा पदराखाली झाकला जात नाही ना, हेही पाहावे. आणि कोणताही रेनकोट घेण्याआधी सायकलला दोन्ही चाकांवर पुरे लांब मडगार्ड बसवावेत. पाठीवर उठणारा तांबड्या मातीचा पट्टा आकाशातून येत नाही, तो मागच्या चाकातून उडतो. चांगल्या मडगार्डांना जो खर्च येतो त्याहून अधिक मोलाचे काम ते करतात.

दिसण्याचा विचार भिजण्याइतकाच गंभीरपणे केला पाहिजे. आपल्या बाजारात काळे, गर्द निळे आणि राखाडी रेनकोट सर्वाधिक विकले जातात, कारण त्यांवर चिखल दिसत नाही. पण धो धो पावसात, झाडांच्या सावलीतल्या रस्त्यावर, काच धूसर झालेल्या गाडीतून माणूसही दिसत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे 6,800 सायकलस्वारांचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्यांना झळझळीत पिवळी जॅकेटे दिली होती. इतर वाहनांशी वा माणसांशी टक्कर होऊन इजा होण्याचे त्यांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा 47 टक्के कमी निघाले. लोकांनी स्वतः दिलेल्या माहितीतला कल वजा केल्यावरही 38 टक्के कमी. झळझळीत पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसाउजेडी काम करतो, कारण तो न दिसणारे अतिनील किरण दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. रात्री हा गुण संपतो. तेव्हा दिव्याचा प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या लागतात. त्या पाठीवर हव्यातच, पण घोट्याला आणि मनगटालाही हव्यात, कारण वरखाली हलणारा प्रकाश पाहून समोरच्याला ‘हा माणूस आहे’ हे चटकन कळते. पाठीवर बॅग असेल तर जॅकेटची पट्टी तिच्याखाली झाकली जाते. मग पट्टी बॅगेवर लावावी. पहाटे आणि रात्री पाळीला जाणाऱ्यांनी पुस्तिकेतले दिसण्याविषयीचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे, अशी माझी विनंती आहे.

कोरड्या महिन्यांतही अंगावर काही लागतेच. डिसेंबरच्या पहाटे गोव्याच्या आतल्या भागात थंडी बोचरी नसली तरी उतारावर छातीवर वारा बसतो आणि चढणीवर आलेला घाम गार होतो. त्यासाठी जाड स्वेटर नको. मुठीत मावेल असे पातळ, पडदा नसलेले, बिनबाह्यांचे वाराजॅकेट पुरते. ते उतारावर घालावे, चढणीला काढून खिशात टाकावे. तेही जवळ नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. युरोपच्या डोंगरांत शर्यतीतले सायकलस्वारही उतारावर हेच करत आले आहेत. मार्च ते मे या काळात शत्रू बदलतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा, सैल, फिकट रंगाचा, दाट विणीचा शर्ट हेच जॅकेट. कपड्यावर ‘यूपीएफ 50’ असे लिहिले असेल तर त्यातून उन्हाच्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे 2 टक्केच आत येतो. पातळ सुती शर्ट याच्या पुष्कळ मागे असतो, आणि घामाने भिजला की त्याचे संरक्षण आणखी घटते. बाह्या उघड्या टाकून दुपारी हिंडणाऱ्या तरुणांना हे पुनःपुन्हा सांगितले पाहिजे.

घेतलेले जॅकेट टिकवणे आपल्या हवेत अवघड असते. स्वस्त आणि मध्यम जॅकेटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. ऊब आणि ओल यांत घडी घालून ठेवलेला हा लेप हळूहळू सडतो, चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. वापरापेक्षा साठवणीत मेलेली जॅकेटे आमच्या भागात जास्त असतील. म्हणून पावसाळा संपताच जॅकेट साध्या, सौम्य साबणाने धुवावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि घडी न घालता हँगरला लावून ठेवावे. कपडे मऊ करणारे द्रव त्याला लावू नयेत. त्याने बाहेरच्या कापडाची पाणी झटकण्याची शक्ती जाते. ती कमी झाली की थेंब घरंगळायचे थांबतात आणि कापड पाणी पिऊ लागते. कापडाच्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर हलक्या इस्त्रीच्या उबेने ती बरीच परत येते. पूर्वी यासाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने पर्यावरणात साठून राहतात म्हणून ती आता मागे पडत आहेत. नव्या लेपांना देखभाल अधिक लागते, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

काही दिवशी मात्र कोणतेही जॅकेट उपयोगाचे नसते. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी-शापोऱ्याचा पूर साळ, इब्रामपूर, चांदेल या भागांत शिरला आणि रस्ते पाण्याखाली गेले. वाहत्या पाण्याने झाकलेल्या रस्त्यावर सायकल घालू नये. परतीच्या पावसात विजा चमकत असताना उघड्या सड्यावर जाऊ नये, पक्क्या इमारतीत थांबावे. उशिराची बोलणी खाल्लेली परवडतात. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण चांगला रेनकोट अंगावर असला की माणसाला नको तो धीर येतो.

शेवटी एक विनंती, ती सायकलस्वारांना नाही, त्यांना कामावर ठेवणाऱ्यांना आणि शाळांना आहे. आपल्याकडचा पाऊस कोमट असतो. दोन-चार किलोमीटरच्या वाटेवर तो अंगावर घेऊन पोचावे, तिथे कोरडे कपडे घालावे, हा जुलैतला सर्वांत शहाणा मार्ग असतो. पण त्यासाठी पोचल्यावर कपडे बदलायला आडोसा हवा, आणि ओले जॅकेट टांगायला पंख्याखाली चार खुंट्या हव्यात. ज्या कामगाराला ओल्या रेनकोटाची घडी करून पिशवीत कोंबावी लागते, त्याला संध्याकाळी तोच ओला, कुबट वास मारणारा रेनकोट पुन्हा अंगावर चढवावा लागतो. महिन्याभरात तो सायकल सोडतो. खुंट्यांची एक रांग आणि एक पंखा यांचा खर्च कोणत्याही कारखान्याला, कार्यालयाला, शाळेला जड नाही.

पुस्तिकेची रचना मुख्यतः वर्षाच्या क्रमाने आहे. आधी मृगापूर्वीची तयारी, मग संततधारेचे महिने, नंतर परतीचा पाऊस, धुक्याच्या पहाटा आणि उन्हाळा. प्रत्येक ठिकाणी स्वस्त, मध्यम आणि महाग असे तीन पर्याय दिले आहेत, आणि स्वस्त पर्याय नेहमी आधी. वाचकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे असे नाही. आधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. मी किती वाजता निघतो? वाटेत चढण किती आणि उघडा सडा किती? पोचल्यावर कपडे बदलायची सोय आहे का? मग त्या उत्तरांना लागू पडणारे प्रकरण उघडावे. सोय असेल तर कमी पैशांत भागेल. नसेल तर काखेत चेन आणि पाठीवर जाळी असलेल्या जॅकेटावर चार पैसे अधिक घालावे लागतील, आणि ते वसूल होतील. कोणतेही जॅकेट घेतले तरी घरी आणल्यावर पहिल्या मोठ्या पावसाची वाट न पाहता ते घालून गावची एखादी चढण चढून पाहावी. वर पोचल्यावर आतला शर्ट चाचपावा. तो कोरडा असेल, किंवा थोड्या वेळात वाऱ्याने वाळत असेल, तर निवड बरोबर झाली. चिंब असेल तर पाऊस यायच्या आत काखेतल्या फटीसाठी शिंपी गाठावा.